पाटलाची किंमत

घरामागे ओकची मोठी झाडं आहेत. सप्टेंबर सरत आला की त्यांची टणक फळं मागच्या लाकडी डेकवर पडायला लागतात. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक् टक्. उमेदीची सगळी वर्षं अमेरिकेत, या श्रूजबरीत गेली, पण या आवाजाला मी अजून दचकते; दार वाजलं असं वाटतं. मिलिंद, माझा नवरा, आता दचकत नाही. तो सरळ उठतो आणि दार उघडायला जातो.

बाहेर कुणी नसतं. तरी तो "या ना, या" म्हणतो आणि बाजूला होऊन वाट देतो. मी मागून जाऊन दार लावून घेते.

या दिवसांत इथे सगळे रंग बघायला निघतात. ग्रुपवर फोटो येतात. लाल मेपल, पिवळा बर्च आणि मध्ये स्वेटर घालून उभे राहिलेले आमच्याच वयाचे लोक. गळायला टेकलेल्या पानांचं इतकं कौतुक जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. पूर्वी मीही करायची. थर्मासमध्ये चहा भरून आम्ही उत्तरेकडे निघायचो. मिलिंद ड्राइव्ह करायचा, मी बाजूला बसून त्याचं चुकलेलं वळण दाखवायची. येताना रस्त्याकडेच्या स्टॉलवरून आंबट सफरचंदं घ्यायचो आणि कैरीची हौस त्यांच्या लोणच्यावर भागवायचो. आता मला या झाडांचा राग येतो. गळायचं तर गपचूप गळावं, एवढा थाट कशाला?

रविवारी दुपारी मी टीव्ही लावते. फुटबॉल, म्हणजे इथला, हातांनी खेळायचा, लागलेला असला की मिलिंद शांत बसतो, म्हणून. आणि या वर्षी टीव्ही लावला की मॅचच्या आधी, मधल्या सुट्टीत आणि मॅच संपल्यावर एकच विषय असतो. पाटलाची किंमत काय?

पाटील हा एक क्वार्टरबॅक आहे. आमच्या इथल्या टीमचा नव्हे, दूरच्या एका टीमचा. नाव अर्थातच पाटील नाही, चांगलं लांबलचक अमेरिकन नाव आहे. खूप वर्षांपूर्वी मिलिंद मला हा खेळ समजावून सांगत होता. "हे बघ, बॉल आधी याच्या हातात येतो. हा मागे उभा राहतो, बोट दाखवतो, ओरडतो. बाकीचे धावतात, पडतात, मार खातात. नाव याचं होतं. आता सांग, हा कोण?" मी म्हटलं, "आमच्या गावचा पाटील." मिलिंद इतका हसला की त्याच्या हातातला चहा सोफ्यावर सांडला. तो डाग अजून आहे. आणि तेव्हापासून त्या गोऱ्या, बुटक्या, लाल मिशांच्या पोराचं आमच्या घरात, आणि पुढे मित्रांतही, पाटील हेच नाव पडलं. बॉल फेकण्याआधी डाव्या तळहाताने हळूच दोनदा थोपटायची त्याला सवय आहे. मिलिंद म्हणायचा, "बघ, कसा निजवतो बॉलला."

तर टीव्हीवर चकचकीत सूट घातलेले तिघे जण लांब टेबलामागे बसलेले असतात. ट्रेडबद्दल बोलत असतात. ट्रेड म्हणजे अदलाबदल. एक टीम आपला माणूस दुसरीला देऊन टाकते आणि बदल्यात दुसरे खेळाडू घेते, नाहीतर कॉलेजातून येणाऱ्या पोरांमधून कुणाला निवडायचं याचा पुढच्या वर्षीचा नंबर घेते. त्याला पिक म्हणतात. पाटलासारखा माणूस उमेदीत असताना त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचे पिक ओंजळीने मिळाले असते. आता काय मिळेल, यावर चर्चा.

"खांदा पूर्वीचा राहिला नाही," एक जण म्हणतो.

"डोकं चालतं अजून," दुसरा म्हणतो, "पण अर्धा सेकंद उशिरा. या खेळात अर्धा सेकंद म्हणजे सगळंच."

"थोडीफार किंमत आहे तोवर देऊन टाका. पुढच्या वर्षी कुणी फुकटही नेणार नाही."

तिसरा जुना खेळाडू आहे, त्याची मान डोक्याइतकीच रुंद आहे. तो एकटा म्हणतो, "असा माणूस देत नाहीत. बदल्यात काय मिळतं हा प्रश्नच नाही." बाकीचे दोघे त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघतात.

मिलिंद हे सगळं ऐकत असतो. म्हणजे तोंड टीव्हीकडे असतं आणि मांडीवर मुरमुऱ्यांची वाटी असते. मी मोठ्याने म्हणते, "मेल्यांनो, माणूस आहे तो, जुनी गाडी नाही." मिलिंद माझ्याकडे वळून सभ्यपणे हसतो, परक्या घरी आलेला पाहुणा हसतो तसा.

मिलिंदच्या फुटबॉलची सुरुवात शशांकच्या बेसमेंटमध्ये झाली. शशांक पुण्याचा, मिलिंद नागपूरकडचा. दोघे एकाच ऑफिसात इंजिनियर होते आणि दोघांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. शशांकने मराठी दोस्तांची एक फॅन्टसी लीग काढली होती. सगळा खोटा खोटा कारभार. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडायची, आणि रविवारी तो खेळाडू खऱ्या मैदानात चमकला की इकडे बेसमेंटमध्ये पॉइंट्स आपल्याला. निवडीचा दिवस म्हणजे ड्राफ्ट. तो नेमका गणपतीच्या दिवसांत यायचा. त्यामुळे वर शशांककडे आरती आणि खाली ड्राफ्ट असा प्रकार चालायचा. आम्ही बाबासाहेबांची माणसं. मिलिंदचं देवाशी भांडण नव्हतं, संबंधच नव्हता. तो तर्रीचं पातेलं घेऊन बाजूच्या दाराने थेट खाली उतरायचा. मोदक खाली आले की मात्र हात पहिला त्याचाच असायचा.

ज्या वर्षी त्याने पाटलाला निवडलं त्या वर्षी सगळे हसले होते. तेव्हा पाटलाला कुणी विचारत नव्हतं. उंची कमी, कॉलेज कुठलं तरी कोपऱ्यातलं, खऱ्या टीमनेही त्याला बाकावर बसवून ठेवलेलं. शशांक म्हणाला, "यार मिलिंद, पहिलाच नंबर वाया घालवलास!" पुढच्या वर्षापर्यंत पाटील स्टार झाला होता, आणि मिलिंद बेसमेंटमधला बुवा. नियम असा होता की एक खेळाडू दर वर्षी स्वतःकडे राखून ठेवता येतो. मिलिंदने पाटील राखला, वर्षानुवर्षं राखला. त्याच्या बदल्यात लोक काय काय देऊ करायचे! मिलिंद ऐकून घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "अजून बोला." देणार कधीच नव्हता, पण बोली ऐकायला त्याला फार आवडायचं.

या खेळात त्याचा जीव का अडकला ते मला माहीत आहे. आमच्याकडे माणसाची किंमत तो जन्मायच्या आधीच ठरलेली असायची आणि नंतर ती कुणी तपासून बघत नसे. मिलिंदच्या वडिलांची हुशारी सगळ्या तालुक्याला माहीत होती. लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे, पण त्यांना पाराखालीच बसवायचे. मिलिंद म्हणायचा, "इथे दर रविवारी किंमत पुन्हा ठरते. आज चुकली तर पुढच्या रविवारी दुरुस्त होते. असा कायदा मला दुसरा दाखव." तेव्हा मला ते पटायचं. तो कायदा दोन्ही बाजूंनी चालतो, हे आमच्या लक्षात आलं नाही. जो दर रविवारी वर नेतो तो एका रविवारी खाली आणायलाही मोकळा असतो, आणि त्या दिवशी मागचं काही मोजत नाही.

मग तो फॉल आला, पानगळीचा मोसम. मास्क नुकतेच उतरले होते, बेसमेंट पुन्हा भरायला लागलं होतं. सप्टेंबरअखेरची गोष्ट. पाटील ऐन भरात होता. आणि मिलिंदने एका दुपारी फोनवरच्या ॲपमधून शशांकला ट्रेड पाठवला. पाटील घे आणि तुझा किकर दे.

किकर म्हणजे मैदानात येऊन बॉलला एक लाथ मारून पुन्हा बाकावर जाऊन बसणारा गडी. त्याला कुणी मागत नाही, लागला तर फुकट मिळतो. दहा-पंधरा मिनिटांत शशांकचा मला फोन आला.

"वहिनी, मिलिंदच्या मनात काय चाललंय? जरा हिंट द्या ना."

"मला काय माहीत बाप्पा? तुमचं तुम्ही बघा."

"नाही, म्हणजे त्याला काहीतरी कळलंय. पाटलाला इन्जरी झालीय का? हा माणूस उगाच काही करत नाही हो."

पुढे आठवडाभर तेच. एकाहून एक शिकलेले लोक, त्यांतले दोघे डॉक्टर, पण सगळे मिळून त्या ट्रेडमागचा डाव शोधत होते. कुणी पाटलाचं चालणं स्लो मोशनमध्ये बघितलं. कुणी हवामान काढलं. कुणी म्हणालं, मिलिंदला पुढच्या वर्षीचं काहीतरी साधायचंय. शेवटी शशांकने भीतभीतच ट्रेड ॲक्सेप्ट केला. मिलिंद हे सगळं ऐकून नुसता हसायचा. आम्हाला वाटलं, हेच ते त्याचं जुनं हसू. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आयुष्य काढलं, खराब बॅच वासावरून ओळखायची, आणि मलाही वाटलं की नवऱ्याने मोठा डाव टाकलाय. दुसऱ्या कुणी असला ट्रेड केला असता तर लोकांनी सरळ विचारलं असतं, "अरे, तुला झालंय तरी काय?" मिलिंदला कुणी विचारलं नाही. त्याच्या हुशारीवर सगळ्यांचा इतका विश्वास होता की ती गेलेली कुणाला दिसलीच नाही.

त्यानंतरचा रविवार मला सबंध आठवतो. बाहेर बारीक पाऊस होता, बेसमेंटमध्ये ओल्या गालिच्याचा आणि तर्रीचा वास कोंडला होता. मी वरून पोह्यांची परात घेऊन जिना उतरत होते. टीव्हीवर पाटलाने बॉल थोपटला आणि लांब फेकला. तो हवेत असताना बेसमेंटमध्ये कुणी श्वास घेतला नाही. पलीकडे एकाने झेलला. टचडाउन. मिलिंद उडी मारून उठला, दोन्ही हात वर. "आपला पाटील! चला, पॉइंट्स लिहा आपले!"

शशांकने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मिलिंद," शशांक हळूच म्हणाला, "अरे, पाटील माझ्याकडे आहे आता. तूच दिलास ना."

"मी?" मिलिंदने त्याच्याकडे बघितलं, मग जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. "मी काहून देईन पाटलाले?"

त्याचे हात अजून वरच होते. ते त्याने हळूहळू खाली घेतले आणि हसला. "अबे, मजा केली तुमची!" सगळे हसले. गरजेपेक्षा जास्त हसले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. शशांक हसला नाही. मी परात धरून जिन्यातच उभी राहिले.

घरी आल्यावर तो दाराजवळच्या बाकावर बूट काढायला बसला. एक बूट काढून हातात धरला.

"खरंच दिला का मी?"

"हो."

"कशाच्या बदल्यात?"

मी सांगितलं. "मग हे बराबर नाही," तो म्हणाला. पाटलाची किंमत त्याच्याइतकी अख्ख्या श्रूजबरीत कुणाला माहीत नव्हती. त्यामुळे आपलं काय हरवलंय ते त्याला माझ्याआधी कळलं. मी शेजारी बसले आणि त्याच्या हातातला बूट घेतला. दोघंही फार घाबरलो होतो.

दुसऱ्याच आठवड्यात शशांक घरी आला. म्हणाला, "ट्रेड कॅन्सल करतो. सगळ्यांना विचारलंय, कुणाची हरकत नाही." तोवर डॉक्टरच्या चकरा सुरू झाल्या होत्या. मिलिंद ताठ बसून म्हणाला, "दिला तो दिला. शुद्धीवर नव्हतो म्हणून परत मागू? तेवढी नको करू माझ्यावर मेहरबानी." शशांकचे डोळे भरून आले. तो चहा न घेताच उठला. पण तेव्हापासून दर वर्षी तो पाटलाला राखून ठेवतो. पाटलाचं वय झालं, पॉइंट्स आटले, शशांक दर वर्षी शेवटचा येतो, लोक चिडवतात, तरी ठेवतोच. मला म्हणतो, "वहिनी, तो मिलिंदचा आहे. माझ्याकडे फक्त राहायला आहे."

आजार कसा वाढत गेला ते मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालाय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. आधी अलीकडचं गेलं, मग मधलं. इंग्रजी विरत गेलं आणि भाषा पुन्हा गावची झाली. गेल्या महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही शेजारच्या वूस्टरच्या हॉलवर गेलो. मी त्याला पांढरा कुर्ता घातला. वंदना सुरू झाली आणि त्याने डोळे मिटून सगळं म्हटलं. त्रिशरण, पंचशील, पुढचं सगळं, एक अक्षर न चुकता, भरल्या आवाजात. आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघून हसले. बघा, आहे की चांगला! मलाही क्षणभर तसंच वाटलं. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "बाई, मला घरी सोडता का? माझा बाप वाट बघत असंल." मी हो म्हटलं आणि गाडी चालू केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. मी स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होते. तो आत आला, थबकला, आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, आता तुम्ही निघा. माझी बायको लॅबमधून येईल. तिला नाही आवडायचं." मी म्हटलं, "मिलिंद, अरे मीच." त्याने माझं कोपर धरलं. जोरात नाही, पाहुण्याला दारापर्यंत पोचवतात तसं. डेकचं दार उघडून त्याने मला बाहेर काढलं. पायाखाली ओकची फळं होती. मी घसरले आणि मनगटावर पडले. काचेपलीकडे त्याने दाराला आतून कडी घातली आणि मला हात हलवून निरोप दिला.

आत डाळ जळाल्याचा वास यायला लागला होता. शेजारच्या बाईने अंगणातून बघितलं, ती धावत आली, म्हणून घर वाचलं. मी तिथे बसून रडत होते, ती समजत होती की हात दुखतोय म्हणून.

सुजाता, आमची मुलगी, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून दुसऱ्या दिवशी आली. उन्हाळ्यात ती आम्हा दोघांना महिनाभर तिकडे घेऊन गेली होती. तिथे मिलिंद रोज संध्याकाळी घरी निघायला पिशवी भरून दाराशी उभा राहायचा. त्यामुळे तो मार्ग बंदच होता. माझ्या प्लास्टरकडे बघत ती म्हणाली, "आई, यू कान्ट डू धिस एनीमोअर."

"करतेय की इतकी वर्षं."

"ही लॉक्ड यू आउट. नेक्स्ट टाइम हू नोज?" मग मराठीत आली. घाबरली की ती मराठीत येते. "मला तू पण पाहिजेस ना, आई."

गावातल्या तळ्यापलीकडे अशा लोकांसाठी एक जागा आहे. आम्ही कधीचं नाव घालून ठेवलं होतं. तिथून फोन आला की एक खोली रिकामी झाली आहे, सोमवारपर्यंत कळवा. खोली रिकामी कशी झाली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात फुटबॉलमधल्या ट्रेडची मुदत संपत होती. टीव्ही लावला की पाटलाचं घड्याळ टिकटिकत होतं. देणार की ठेवणार, ठेवून करणार काय, असा माणूस ठेवला तर बाकीच्या टीमचं काय. सुजाता ते ऐकून म्हणाली, "आई, प्लीज, बंद कर ते." मी बंद केलं नाही. मला त्या रुंद मानेच्या माणसाचं ऐकायचं होतं. तो एकदाच बोलला, तेच जुनं, आणि बाकीच्यांनी त्याला मध्येच तोडलं. मी त्याच्या बाजूची होते. सोमवारी सकाळी मी त्या जागेला फोन करून हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटील गेला. बदल्यात कुठल्याशा शेवटच्या फेरीचा एक पिक मिळाला, तोही यंदाचा नव्हे. सूटवाले म्हणाले, काहीच न मिळण्यापेक्षा बरं. शशांकचा फोन आला. "वहिनी, बातमी बघितली?" मी म्हटलं, "बघितली." मिलिंदचं मी त्याला आधीच कळवलं होतं.

मला बदल्यात काय मिळालं? झोप मिळाली. त्याला तिथे सोडून आले त्या पहिल्याच रात्री मी मेल्यासारखी झोपले, कुठल्याही आवाजाला उठले नाही, आणि सकाळी जाग आल्यावर त्या झोपेचीच मला किळस आली. आता डेकवर टक् वाजतं आणि दार उघडायला कुणी उठत नाही. फोडणी निवांत होते. सगळे म्हणतात, तू योग्य तेच केलंस. योग्य असेल. मला त्याने तसूभर बरं वाटत नाही.

ती जागा वाईट नाही. लिंबाच्या वासाने पुसलेली फरशी, टोमॅटो सूप, खिडकीत कागदी भोपळे. बाहेर पडायला दाराशी नंबर दाबावा लागतो. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा हॉलमध्ये टीव्ही चालू होता आणि मिलिंद पहिल्या खुर्चीत बसला होता. अंगातला निळा स्वेटर त्याचा नव्हता, धुण्यात कुणाचा तरी त्याच्याकडे आला होता. मी शेजारी बसले. त्याने थोडं सरकून जागा दिली आणि मान लववली.

मॅच पाटलाच्या नव्या टीमची होती. तो बराच वेळ बाकावरच होता. मग त्यांचा पोरगेला क्वार्टरबॅक लंगडत बाहेर आला आणि पाटील आत गेला. अनोळखी रंगाची जर्सी, हेल्मेट वेगळं, पाठीवरचा नंबरही वेगळा. मिलिंद नुसता बघत होता. पाटलाने बॉल घेतला, मागे सरकला आणि डाव्या तळहाताने हळूच दोनदा थोपटला.

मिलिंद पुढे झुकला.

"हा आपला पाटील आहे."

पाटलाने बॉल फेकला, तो कुणाच्याच हाती लागला नाही.

"कपडे काहून बदलले त्याचे?" मिलिंद म्हणाला. मग माझ्याकडे वळला. डोळे बारीक झाले होते, बेसमेंटमध्ये बोली ऐकताना व्हायचे तसे. "मॅडम, तुमच्या टीमले क्वार्टरबॅक कोण आहे?"

"पाटीलच," मी म्हटलं.

"मग एक सांगतो. लोक येतील. म्हणतील, खांदा गेला, डोकं गेलं, देऊन टाका. ऐकू नका. कोणी काही देतो म्हटलं तरी देऊ नका."

"नाही देणार."

"माझ्या बायकोनं नाव ठेवलं त्याचं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "तिले विचारा. ती नाही द्यायची कोणाले."

तो पुन्हा टीव्हीकडे वळला. मॅच संपेपर्यंत मी त्याच्या शेजारी बसून राहिले. मग सूप आलं, तशी मी उठले, कोट घातला आणि दाराशी जाऊन नंबर दाबला. माझ्यामागे दार आपोआप लागलं.